खुंटीवरची चावी

अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यात इतकी वर्षं राहून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. लायसन्स काढलेलंच नाही, हे कबूल करताना इथला पोरगा थोडा तरी ओशाळतो. लायसन्स सस्पेंड झालंय, हे मात्र ऐटीत सांगतो, जणू एखाद्या सामन्यापुरतं संघाबाहेर बसवलंय. गाडी चालूच असते. घरच्यांचं म्हणणंही साधारण तेच: चालवता येतं ना त्याला, मग कागदाचं काय एवढं? माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. निलंबित लायसन्सवर गाडी काढणं हा विनालायसन्स गाडी काढण्याहून मोठा दोष आहे, आणि त्यापायी अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा कोर्टात उभा राहिला तर 'कागदाची चूक' म्हणून त्याला मोकळं सोडता कामा नये. त्याला तुरुंगात घाला, असंही मी म्हणत नाही. त्याकडे पुढे येतोच.

ज्याने लायसन्स काढलेलंच नाही, त्याला अजून कुणी काही बजावलेलं नसतं. निलंबितवाल्याला बजावलेलं असतं, तेही रीतसर. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं, की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, चालवताना मोबाइलवर बोलणं, मालाच्या गाडीत माणसं भरणं अशा गोष्टींसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आरटीओच्या अधिकाऱ्याने आधी चालकाचं म्हणणं ऐकायचं, कारणं लेखी नोंदवायची आणि मगच आदेश काढायचा. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. एवढं झाल्यावर कलम २३ नुसार ते लायसन्स त्या मुदतीत अमलातच राहत नाही. खिशातलं कार्ड कितीही चकचकीत असो. पूर्वी या दोन्ही गुन्ह्यांना पाचशे रुपयांपर्यंतच दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने विनालायसन्सचा दंड ५,००० झाला आणि अपात्र ठरवल्यावरही चालवणाऱ्याचा १०,०००. तीन महिन्यांपर्यंतची कैद दोन्हीकडे आहे. हा दुपटीचा फरक उगाच आलेला नाही. एकाने नियम पाळला नाही. दुसऱ्याला नाव घेऊन 'तू थांब' म्हटलं आणि तो थांबला नाही.

इथे पुण्याचा विषय निघणारच. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. चालवणारा सतरा वर्षांचा, म्हणजे निलंबित व्हायलाही लायसन्स नव्हतं. गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांच्या शुल्कापायी अडलेली. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. पुढे त्याची निरीक्षणगृहात रवानगी झाली, २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. त्या कायदेशीर बाजूशी माझं इथे भांडण नाही. नुकसान दुसरीकडे झालं. दोन जीव गेल्यावर निबंध लिहायला सांगणं ही थट्टाच होती, पण तेव्हापासून सुधारणेच्या वाटेने जाणारी प्रत्येक शिक्षा लोकांना थट्टाच वाटू लागली. खरं तर ज्याच्या हातून अजून कुणाला खरचटलेलंही नाही, अशा निलंबितवाल्या पोराला तसलंच काम द्यायला हवं.

पुण्यामुळे कलम १९९अ घरोघरी पोचलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कडक कलम आहे. पण मुलाचा अठरावा वाढदिवस उजाडला की ते पालकाच्या डोक्यावरून उतरतं. लायसन्स हाती येतं ते त्याच वयात, आणि निलंबनाची वेळही त्याच वयात येते. (सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवता येते, अशी कायद्यात सोय आहे खरी, पण आपल्या अंगणात उभ्या असतात त्या स्कूटर त्याच्या दुप्पट ताकदीच्या.) म्हणजे घरच्यांचा धाक सर्वांत जास्त हवा, नेमका तेव्हाच तो कायद्यातून ओसरतो.

यावर इथला माणूस पहिलं उत्तर देतो ते एसटीचं. ते खोटं नाही. खाडीपलीकडच्या गावांना दिवसात मोजक्या फेऱ्या, मिनीडोर भरल्याशिवाय हलत नाही, पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. २०२१-२२ च्या संपात महिनोन्महिने एसटी उभी होती, तेव्हा पोरांच्या हातात गाड्या आल्या त्या कायमच्याच. कॉलेज, क्लास, रात्रपाळी, आजारी आजीला दवाखान्यात नेणं, हे सगळं गाडीवाचून अडतं, मान्य. पण ज्या गावाला एसटी नाही, त्याच गावचे लोक रस्त्याच्या कडेने चालतात. अलिबागहून रेवदंड्याकडे सकाळी निघालात तर डांबर आणि बागेच्या गडग्याच्या मधल्या हातभर जागेतून म्हावऱ्याची टोपली डोक्यावर घेतलेली कोळीण चाललेली दिसेल, मागे शाळेची पोरं, आणि शनिवार असेल तर या सगळ्यांना घासून जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या. वाहतुकीची गैरसोय हे पोराच्या बाजूचं कारण म्हणून मांडायचं असेल, तर त्याच गैरसोयीने रस्त्यावर आलेल्या या माणसांनाही मोजावं लागेल. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. आणि निलंबनाने पोराचा प्रवास बंद होत नाही. हँडल धरणं बंद होतं. मित्राच्या मागे बसायला कुणाची मनाई आहे?

'आधी किनाऱ्यावर वाळूत गाड्या घालणाऱ्या पर्यटकांना पकडा,' हा दुसरा मुद्दा. जरूर पकडा. त्याने आपल्या पोराचं निलंबन उठत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की निलंबन झाल्याचं पोराला कळलंच नसेल तर? नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, मोबाइल नंबर वडिलांचा होता, संदेश शंभर जाहिरातींच्या खाली गेला. हे होतं, आणि इथे मी पोराच्या बाजूने आहे. 'बजावलं होतं' याच पायावर मी त्याचा दोष मोठा म्हणतोय, तर बजावणी झाल्याचं दाखवणं हे सरकारचं काम. ते दाखवता आलं नाही तर गुन्हा विनालायसन्सइतकाच धरावा, जास्त नाही. निलंबन कशासाठी झालं, हेही कोर्टाने बघावं. अमेरिकेत अनेक राज्यांनी दंड थकला म्हणून लायसन्सं निलंबित केली. गरीब माणूस कामावर जाण्यासाठी गाडी काढायचा आणि आणखी गोत्यात यायचा. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ती पद्धत बंद केली. थकलेल्या पैशांसाठी लायसन्स अडवण्याची भाषा आपल्याकडेही अधूनमधून निघते, तिला माझा विरोध आहे. पण दारू पिऊन किंवा बेफाम चालवल्याबद्दल झालेलं निलंबन ही वसुली नव्हे.

राहिला करिअरचा प्रश्न. बोटीवर जायचंय, आखातात नोकरी बघायचीय, पोलिस पडताळणीत अडकेल, एकदाच झालंय, मिटवा. आईबापांची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण ते मिटवण्याची वाट कायद्यातच आहे आणि तिला ओळख लागत नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचं कलम ६ सांगतं, की अशा गुन्ह्यात एकवीस वर्षांखालच्या मुलाला शक्यतो तुरुंगात पाठवायचं नाही. पाठवायचंच असेल तर न्यायाधीशाने कारणं लिहायची. कलम ३ खाली ताकीद देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, आणि कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता त्याला चिकटत नाही. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात समाजसेवेचीही सोय आहे. मला विचाराल तर दहा हजारांच्या दंडापेक्षा याच वाटा जास्त कडक आहेत. दंड बाप भरतो. महिनाभर रोज सकाळी शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देणं बापाला करता येत नाही.

आणि शेवटी पैशांचाच हिशोब मांडायचा, तर तो दंडाच्या पावतीपाशी थांबत नाही. गाडी बहुतेक घरांत आईच्या नाहीतर बापाच्या नावावर असते आणि चावी दारामागच्या खुंटीवर. निलंबित पोराला ती चावी उचलू दिली तर गाडीमालकावर कलम १८० खाली ५,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ते तरी किरकोळ. अपघात झाला तर विमा कंपनी म्हणते, चालक अपात्र होता, आम्ही बांधील नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात अशा भांडणांचा सविस्तर विचार केला. कंपनीला मालकाची चूक सिद्ध करावी लागते. मालकाला खरंच माहीत नव्हतं आणि त्याने पुरेशी काळजी घेतली होती, तर तो सुटू शकतो. पण चूक सिद्ध झाली, की जखमीला भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कोर्टं कंपनीला देतात. निलंबनाचा कागद घरी आला होता, चावी त्याच खुंटीवर होती आणि पोरगा रोज ती घेऊन जात होता, अशा घरात 'मला माहीत नव्हतं' कोण मानणार? ती वसुली लाखांत जाते, आणि इथल्या बऱ्याच घरांकडे तेवढ्या मोलाचं एकच काही असतं: चार-पाच गुंठ्यांची वाडी. आज घरी गेल्यावर गाडीचं आरसी काढा आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते वाचा.