पाचव्या दिवसाचे मासे

जळगावहून भुसावळच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात नशिराबाद लागते. हमरस्त्यावरून अहोरात्र मालट्रक धावत असतात. गावाच्या एका अंगाला सिमेंटचा कारखाना आहे आणि सभोवती कपाशीची काळी जमीन व केळीच्या बागा आहेत. या गावात आपली कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. महिन्यातून एकदा एखाद्या घरी मिस्सा होते, चहा होतो, आजाऱ्यांची विचारपूस होते आणि मी परततो. त्या घरांपैकी एका घरातील एका मुलाची आणि एका काचेच्या पेटीची ही हकिकत आहे. ती सांगताना माझी एक चूक सांगावी लागणार आहे. परंतु ती झाकून ठेवली तर सांगण्यासारखे काहीच उरत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुमारास त्या अकरा वर्षांच्या मुलाची आई अल्पशा आजाराने वारली. वडील ट्रकवर चालक. पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. घरात मुलगा आणि आजी, एवढेच. अंत्यविधीला सारे जमले, भाकरी-पिठल्याचे डबे आले आणि आठवड्याभरात सारे आपापल्या कामास लागले. मीही लागलो. नाताळ जवळ आला तेव्हा त्या मुलाची आठवण मला एकदम टोचू लागली. याला काहीतरी द्यावे, याचे मन रमवावे, असे वाटले. नाताळच्या आदल्या दिवशी जळगावच्या बाजारातून मी एक काचेची पेटी विकत घेतली. त्याच दुकानातून रंगीत खडे, हवा सोडणारा छोटा पंप, गाळणी आणि पाण्याने फुगलेल्या पिशवीत तीन सोनेरी मासे घेतले. नाताळच्या दिवशी दुपारी नळाचे पाणी भरून, मासे सोडून, मुलाच्या चेहऱ्यावर उमटलेले हसू पाहून मी कृतार्थ मनाने परतलो.

चौथ्या दिवशी आजीचा निरोप आला. तिन्ही मासे मेले होते. मी गेलो तेव्हा मुलगा ओट्यावर बसला होता. पेटीतील पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते. तो म्हणाला, “मी रोज तीनदा खायला घातलं. तरी मेले.” मग बराच वेळ थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “माझ्याजवळ काहीच जगत नाही, फादर.”

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी लोकांचे शोक ऐकत आलो आहे. त्या वाक्यापुढे माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘देवाची इच्छा’ हे शब्द ओठांवर आले होते. ते तेथेच थांबले, ही त्याची कृपाच म्हणायची. कारण लवकरच मला कळले की ते मासे देवाच्या इच्छेने मेले नव्हते. माझ्या घाईने मेले होते.

जळगावच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे मी गेलो. सर्व ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पेटी आणि मासे एकाच दिवशी घेतलेत ना?” मी होय म्हणालो. “मग ते मरणारच होते,” ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी मला जे समजावून सांगितले ते असे.

मासा ज्या पाण्यात जगतो त्याच पाण्यात त्याचा मळही मिसळतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. अमोनियाला रंग नाही. पाणी स्फटिकासारखे दिसते आणि मासा त्यात जळत असतो. नदीत वा तळ्यात हे होत नाही, कारण तेथे दगडांवर, गाळावर, वनस्पतींच्या देठांवर असंख्य सूक्ष्म जीव वस्ती करून असतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात. हे नायट्राइटही विषच. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि भोवती प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मग दुसऱ्या प्रकारचे जीव त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य; वनस्पतींना तर ते अन्नच. नव्या पेटीत हे कामकरी नसतात. त्यांची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आतड्यांतील काही जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना त्यासाठी एक दिवसाच्या आसपास लागतो. त्यातून नळाच्या पाण्यातील क्लोरीन! आपल्यासाठी जंतू मारणारा तो क्लोरीन या उपकारी जंतूंनाही मारतो आणि माशांचे कल्लेही जाळतो. मी ते पाणी तसेच भरले होते.

“म्हणजे पेटी आधी तयार व्हावी लागते,” मी म्हणालो. “पेटी नाही, पाणी,” ते म्हणाले, “आणि रिकाम्या पेटीची दीड महिना सेवा करण्याची तयारी असेल तरच मासे पाळावेत.”

परतताना मला उत्पत्तीचा पहिला अध्याय आठवत होता. गुरुविद्यालयात असताना त्यावर मी मोठा निबंध लिहिला होता. पाणी तेथे आरंभापासून आहे. परंतु मासे येतात ते पाचव्या दिवशी. आधी उजेड, मग जलांची विभागणी, मग भूमी आणि वनस्पती, मग सूर्य-चंद्र; आणि त्यानंतर जलचर. ज्याच्या एका शब्दाने सारे होऊ शकत होते त्याने पाण्याला चार दिवस दिले. मी चार तासही दिले नव्हते.

फेब्रुवारीच्या मध्यास राखेचा बुधवार आला. त्या संध्याकाळी मी नशिराबादला गेलो आणि मुलाला सर्व सांगितले. “मासे तुझ्यामुळे मेले नाहीत. मी चुकलो. पाणी तयार नव्हते आणि मला ते ठाऊक नव्हते.” मोठ्या माणसाने, त्यातही धर्मगुरूने, चूक कबूल करावी याची त्याला सवय नसावी. तो माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मग त्याने विचारले, “आता कसं करायचं?”

आम्ही पुन्हा आरंभ केला. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे सुमारे ५५ लिटर पाणी. नळाचे पाणी बादल्यांत भरून ठेवले, त्यात क्लोरीन नाहीसा करणारे हायपोचे खडे प्रमाणात विरघळवले. पंप व गाळणी रात्रंदिवस चालू. प्राध्यापकांनी आपल्या जुन्या पेटीच्या गाळणीतील मळकट स्पंजचा एक तुकडा दिला, विरजणासारखा. तो नळाखाली धुवायचा नाही, अशी सक्त ताकीद. कारण हे जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंजला आणि खड्यांना चिकटून राहतात. मासे नसलेल्या त्या पाण्यात मुलगा रोज चिमूटभर खाद्य टाकी, जेणेकरून ते कुजून अमोनिया व्हावा. पाणी तपासण्याच्या द्रावणाच्या तीन बाटल्या आणल्या. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, रंग पाहायचा आणि वहीत लिहायचा.

आजी हे सारे कौतुकाने व थोड्या संशयाने पाहत होती. मासे नाहीत आणि खाणे मात्र रोज! मी तिला समजावू लागलो तेव्हा तिने मला मध्येच थांबवले. तिचे सारे आयुष्य शेतमजुरीत गेलेले. “मंग असं सांगा ना, फादर. ताजं शेन कोनी वावरात टाकत नाही, पीक जयतं. उकिरड्यात कुजू द्यावं लागतं, मंग त्याचं सोनं होतं.” मी अवाक झालो. पेटीतील आणि उकिरड्यातील काम खरोखरच एका जातीचे आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली सोनेरी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचा काचेच्या भांड्यात समतोल साधून दाखवला. आणि त्याच नावाच्या त्याच्या मुलाने पुढे रॉथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात, जमिनीत अमोनियाचे नायट्रेट कसे होते याचाच अभ्यास केला. बापाची काचपेटी आणि मुलाचे शेत यांतील दुवा माझ्या आजीबाईंना मुळातच ठाऊक होता.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधी झाले. मुलगा घाबरला, बदलू का, म्हणून त्याने फोन केला. बदलू नकोस, म्हटले. दुसऱ्या आठवड्यात अमोनियाच्या नळीतील पिवळा रंग गर्द हिरवा झाला. तिसऱ्या आठवड्यात तो उतरू लागला आणि मुलगा आनंदाने म्हणाला, “झालं, फादर! विष गेलं!” मी नायट्राइटची नळी पाहण्यास सांगितले. ती जांभळी होती.

त्या जांभळ्या नळीपुढे मला माझीच दुसरी चूक दिसली. एक विष उतरते तेव्हा दुसरे चढत असते, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच मासे सोडतो. त्या घरातील रडणे आठवड्याभरात थांबले तेव्हा आम्हा सर्वांना वाटले की दुःख ओसरले. भाकरीचे डबे थांबले, माझ्या खेपा थांबल्या. वस्तुतः त्या मुलाचे खरे कठीण दिवस तेव्हा सुरू झाले होते. नोव्हेंबरात मी तेथे असायला हवे होते. मी डिसेंबरात मासे घेऊन गेलो.

म्हणून त्या उपवासकाळात मी दर आठवड्याला नशिराबादला जाऊ लागलो. बोलणे फारसे होत नसे. आम्ही दोघे रिकाम्या पेटीसमोर बसत असू. एकदा वीज सहा तास गेली. गाळणीतील जीवांनाही प्राणवायू लागतो हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने तांब्याने पाणी उचलून पुन्हा पेटीत सोडण्याचा उद्योग रात्री उशिरापर्यंत चालवला. आमच्याकडच्या उन्हाळ्याचीही त्याला धास्ती. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. आणि पाणी जितके उष्ण व क्षारयुक्त तितका अमोनिया अधिक जहाल. त्याने पेटीभोवती ओले गोणपाट गुंडाळले. एका संध्याकाळी, नळीतील रंगाकडे पाहत असताना, तो आपणहून आईविषयी बोलू लागला. ती शेवटी काय म्हणाली, त्याने तिला पाणी कसे दिले, आणि तो झोपला असताना ती कशी गेली. झोपलो नसतो तर, असे त्याला वाटत होते. मी केवळ ऐकले. ते पाणी तयार होण्यास चार महिने लागले होते.

आपल्या ख्रिस्तसभेला हे जुने ज्ञान आहे. प्रौढांना स्नानसंस्कार देण्यापूर्वी दीर्घ तयारीची प्राचीन प्रथा व्हॅटिकन महासभेने पुनरुज्जीवित केली आणि १९७२ साली त्याचा विधी प्रसिद्ध झाला. उपवासकाळ हा त्या तयारीचा अखेरचा टप्पा. मी तो विधी शिकवतो. तथापि आयुष्यात मी बहुतेक ठिकाणी पाणी न तपासता मासे सोडत आलो आहे. घाईने समेट घडवले, घाईने सांत्वन केले.

आणखी एक गोष्ट. हे काम करणारे कोण, हे शास्त्रज्ञांनाही पुरते ठाऊक नव्हते. १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी असे जीव वेगळे करून दाखवले. त्यानंतर नायट्राइटच्या कामाचे श्रेय नायट्रोबॅक्टर या जीवाला मिळत राहिले. १९९८ साली आढळले की गोड्या पाण्याच्या पेट्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा हा दुसराच जीव करतो. शंभर वर्षे तो निनावी राबत होता. मला त्या घरातील आजी आठवली. आम्ही सारे निघून गेल्यावर नातवाच्या उशाशी रोज कोण बसत होते?

पुनरुत्थान रविवारच्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेटची नळी लाल झाली. निम्मे पाणी बदलले. या खेपेस सोनेरी मासे आणले नाहीत. ते मोठे होतात आणि फार मळ करतात. दोनच झेब्रा मासे आणले, आपल्याच देशातील ओढ्यांत राहणारे, काटक. मुलाने पिशवी पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगू दिली, मग हळूच सोडली. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. “फादर, आज पाचवा दिवस.” एवढेच बोलून त्याने ठेवला. पुढे त्याने आणखी चार मासे आणले, एकेक आठवड्याच्या अंतराने.

मे महिन्याच्या उन्हात त्यांतील एक मासा मेला. मिस्सेसाठी गेलो तेव्हा आजीने हळूच मला सांगितले आणि माझ्या छातीत धस्स झाले. मुलगा अंगणात होता. मी जवळ जाताच तो म्हणाला, “एक मासा गेला, फादर. मी पाणी तपासलं. पाणी ठीक होतं.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “काही वेळा मरतात.” आणि वही घेऊन तो घरात गेला. पाणी बदलण्याचा दिवस होता.