बूड

माझ्या पहिल्या कादंबरीत एक कुंभार आहे. ते आमचे आबाच. पहाटे चाकाशी बसलेले आबा आणि गोळ्यातून वर येणारे मडके, असे वर्णन मी चांगली दोन पाने भरून केले होते. शाळेतल्या सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. सुट्टीत सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा तेवढा भाग आईला वाचून दाखवला. ती ज्वारी निवडीत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली,

"बेस लिवलंयस. पर मडक्याला बूड कुणी लावलं?"

मी गप्प बसलो.

चाकावरून उतरते ते पुरे मडके नसतेच. भिंत जाड, बूड उघडे. जरा सुकले की आई ते पुढ्यात घेई. आतून दगडी गोळा लावायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकीत जायचे. भिंत पातळ होते, पोट फुगते, बूड मिटते. हात जड पडला की भोक, हलका पडला की मडके बोजड. आबांनी उतरवलेले आई तिन्हीसांजेपर्यंत ठोकीत बसे. त्या आवाजावर मी पाढे पाठ केले. मातीत राख नि घोड्याची लीद मिसळणे, बेंदराचे बैल, संक्रांतीची सुगडी, सगळे तिच्याकडे. चाकाला मात्र बाईने शिवायचे नाही. म्हणून गावात मडके आबांचे.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा कीर्तनात ऐकताना मला एकच कोडे पडे : गोरोबांच्या हाती थापटणे कसे? ते तर आईचे असते! इतके ठाऊक असूनही लिहिताना विसरलो.

पुढे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या मारिया मार्टिनेझविषयी वाचले. सान इल्देफोन्सो गावची ही बाई (1887–1980). तिथे चाक नाहीच. मातीच्या वळ्या एकीवर एक रचून ती भांडे उभे करी, आणि नवरा हुलियान त्यावर नक्षी काढी. आधी भांड्यावर सही तिची एकटीची असे, पुढे दोघांची येऊ लागली. हे मी आईला सांगितले. "त्यास्नी तरी सुचलं," एवढेच ती म्हणाली.

आबा गेल्यावर आई सांगलीला धाकट्या भावाकडे राहिली. तो विजेच्या चाकावर काम करी, गणपतीही करी. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही दार उघडले, तर कच्च्या मालाचा नुसता चिखल झालेला. गणपती कुठला, कुंडी कुठली, काही ओळखू येईना. भाऊ उंबऱ्यावरच बसला. भाजलेली मडकी तेवढी गाळात रुतून शाबूत होती.

आईने थापटणे शोधून काढले. एकेक मडके धुऊन कानाशी धरी, टिचकी मारी. खणखणीत वाजले की उजवीकडे, बद्द वाजले की डावीकडे. माझी कादंबरी फुगून पत्र्यावर वाळत पडली होती. तिच्यावरही तिने थापटणे हलकेच आपटले.

"कच्चं हाय," म्हणाली, आणि पुढचे मडके घेतले.

मी पाण्याची बादली भरून आणली.