रोजा, साखर आणि घरातली थोरली माणसं

रमजान जवळ आला की साखरेचा आजार असलेल्या वयस्क माणसांच्या घरांत एक वाद ठरलेला असतो. मुलं म्हणतात, "अब्बा, या वर्षी रोजे नकोत." अब्बांचं उत्तरही ठरलेलं, "आजवर एक रोजा चुकला नाही, आता सोडू?" या वादात तब्येतीपेक्षा अब्रूच जास्त बोलते.

माझी अम्मी सत्तरीची. मधुमेह अठरा वर्षांचा. गेल्या रमजानात असरच्या नमाजनंतर तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. मशीनवर साखर 62 आली. मगरिबला तासभर उरला होता. "एका तासासाठी रोजा तोडू?" ती म्हणाली. शेवटी साखरपाणी प्याली, पण दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिला मरणाची नव्हे, गुनाहची भीती वाटत होती.

खरं तर कुरआनात सूरह बकरामध्ये (आयत 184-185) आजारी माणसाला आणि मुसाफिराला स्पष्ट सवलत आहे. नंतर बरं वाटलं तर रोजे भरून काढावेत. ज्याला ते कधीच जमणार नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालावं, म्हणजे फिदिया द्यावा. तरीही 2001 साली 13 देशांत झालेल्या 'एपिडायर' पाहणीत टाइप 2 मधुमेहाच्या सुमारे 79 टक्के रुग्णांनी निदान 15 रोजे धरल्याचं आढळलं. म्हणून नुसतं "धरू नका" म्हणून भागत नाही.

ज्यांना रोजे धरायचेच आहेत, त्यांनी दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते. डोस आणि वेळ डॉक्टरांनीच बदलायची, आपल्या मनाने नाही. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर मगरिबची वाट पाहायची नाही. सहरी चुकवायची नाही. इफ्तारला खजूर एक-दोन पुरे; भजी, समोसे आणि सरबताचे ग्लास आवरावेत.

बाकीच्या अकरा महिन्यांसाठी तर आपल्या हाताशी सोय आहेच. दिवसातून पाच वेळा वुजू करताना पाय धुतो, तेव्हाच तळवा नीट पाहावा. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, जखम कळत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. फजरनंतर घरी येऊन पुन्हा आडवं होण्याऐवजी अर्धा तास चालावं.

या वर्षी अम्मीने रोजे धरले नाहीत. मौलानांचं बोलणं ऐकलं, डॉक्टरांचंही ऐकलं. पण तिचं मन वळलं ते फिदियामुळे. गल्लीतल्या एका एकट्या म्हातारीसाठी ती रोज आपल्या हाताने डबा करते. सहरीला मात्र सगळ्यांच्या आधी उठते आणि आम्हाला हाक मारते.