एके-१२ चा नेम आणि ते झाकण

एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल हातात दिली तेव्हा उस्ताद ओरडले होते, "आधी साइट बघ, मग ट्रिगर!" रशियाच्या एके-१२ बद्दल वाचताना तेच आठवलं.

जुन्या एकेची मागची साइट झाकणाच्या पुढे, खाचेची. २०१८ मध्ये सैन्यात आलेल्या एके-१२ ला ती गोल भोकाची, थेट झाकणाच्या मागच्या टोकाला, डोळ्याजवळ. वर दुर्बीण लावायला पट्टी. नेम पटकन लागतो, मान्य.

पण मंडळी, साफसफाईला तेच झाकण काढावं लागतं! घट्ट बसेल अशी रचना केलीय खरी. तरी केसभर हललं, तर तीनशे मीटरवर गोळी कुठे जाईल? दोन गोळ्यांचा बर्स्ट त्यांनी २०२३ च्या आवृत्तीत काढला, झाकणावरची साइट मात्र ठेवली.

अमेठीजवळ कोरव्यात बनणारी आपली एके-२०३ याच घराण्यातली, म्हणून विचारतोय. फौजेतल्या मित्रांनो, तुमचा अनुभव काय?