बाराशे काय?

आज सकाळी सव्वासहाला मोबाईल वाजला. पत्रकारांसाठी केलेल्या एका सरकारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज होता, "धरणातील विसर्ग २२५० पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढविण्यात येत आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." बस, एवढंच. २२५० काय? लिटर? बादल्या? संत्र्याच्या पेट्या? मी लगेच विचारलं, "सर, क्युसेक की क्युमेक?" दहा मिनिटांनी उत्तर आलं. एक अंगठा.

या अंगठ्यावर आज लिहायचं आहे. पण हा विषय डोक्यात गेला की माझी गाडी रुळावर राहत नाही, तेव्हा आधी थोडं इकडचं तिकडचं ऐकून घ्या. चहा घेऊन बसा.

आपल्या देशात मेट्रिक पद्धत कधी आली? कायदा झाला १९५६ साली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, मग शेर-मण गेले आणि किलो आले. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं होऊन गेली. तीन पिढ्या शाळेत डेकामीटर-हेक्टोमीटरचा तक्ता घोकून बाहेर पडल्या. (डेकामीटर शाळेबाहेर कोणाला भेटला असेल तर कळवा.) आणि एवढं करून आपण आज कुठे आहोत? माझी उंची पाच फूट सहा इंच, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, कंबर अडतीस इंच. शर्टाचं कापड घेतो मीटरवर आणि शिंपी माप घेतो इंचात. आईचं लुगडं अजून नऊ वारीच आहे, जरी दुकानदार ते मीटरवर मोजून देतो. सोनं तोळ्यावर बोलायचं, तोलायचं ग्रॅमवर. त्यातही जुना तोळा पावणेबारा ग्रॅमच्या जरासा आत होता, आताचा तोळा दहा ग्रॅमचा. नाव तेच, माल कमी. ही गोष्ट मी बायकोला सांगायला नको होती.

मागच्या मे महिन्यात धाकट्याला ताप आला. बाहेर पारा ४४ आणि थर्मामीटरवर १०२. पोरगं विचारतं, "बाबा, म्हणजे मी उन्हापेक्षा डबल गरम आहे का?" मी त्याला सांगितलं की बाहेरचे ४४ म्हणजे तुझ्या थर्मामीटरच्या हिशेबानं १११, त्यामुळे ऊनच जिंकलं. त्याला वाईट वाटलं. हवामान खातं सेल्सिअसमध्ये बोलतं आणि डॉक्टर फॅरेनहाइटमध्ये, या दोघांच्या मध्ये आपण क्रोसिन घेऊन उभे.

आणि घर बांधलंय का कुणी? मी बांधलं, तीन वर्षांपूर्वी. सिमेंटची पोती किलोवर, रेती ब्रासवर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे ट्रकमधल्या रेतीला माहीत नसतं), लोखंड किलोवर, पण सळईची जाडी मिस्त्री सांगणार सुतात. "तीन सूत टाका भाऊ, चार सूत कायले पाहिजे?" इंचाचे आठ सूत. दुकानदाराच्या बिलावर तेच १० मिलिमीटर आणि १२ मिलिमीटर. प्लॉट मी घेतला चौरस फुटात, परवानगीचा कागद आला चौरस मीटरमध्ये आणि त्याआधीचा सातबारा हेक्टर-आर मध्ये.

फरशीचा किस्सा तर सांगायलाच हवा. हॉल सोळा फुटी. फरशी 'दोन बाय दोन'. माझं गणित साधं, आठ फरश्यांत एक ओळ पूर्ण. आठ लागल्या आणि भिंतीशी तीन इंचाची फट उरली. मी मिस्त्रीवर चढलो, तुझ्या भिंती वाकड्या. त्यानं शांतपणे टेप लावून दाखवला. दोन बाय दोनच्या नावानं विकली जाणारी फरशी असते ६०० मिलिमीटरची. दोन फूट होतात जवळपास ६१०. एका फरशीमागे एक सेंटीमीटर, आठ फरश्यांचे तीन इंच. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, फरशीचे दोन फूट येगळे अन् टेपाचे दोन फूट येगळे." त्या तीन इंचाच्या पट्टीवर आता सोफा ठेवलाय. पाहुणे येतात, छान आहे हॉल म्हणतात. मला सोफ्याखालची पट्टीच दिसते.

हीच गंमत जमिनीत होते तेव्हा ती गंमत राहत नाही. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आर म्हणजे साधारण १०७६. तेरा फुटांचा फरक, कोण बघतो? म्हणून सगळेच दोन्ही एकच धरतात. पण वीस गुंठे बोलून कागदावर वीस आर लिहिले की अडीचशे चौरस फूट गेले. अडीचशे फुटांत एक खोली होते, आणि एका खोलीवरून भाऊ भावाशी बोलायचा बंद झालेला मी आमच्याच नात्यात पाहिला आहे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. एक गुंठ्यात, एक आरमध्ये.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं मी इतक्या तावातावानं बोलतो, त्यामागे एक कारण आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट संपत आलेला. तीन दिवस वरच्या भागात पाऊस आणि आमच्या वैनगंगेचा रंग बदललेला. संध्याकाळी साडेसातला धरणावरच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. फोनमध्ये पावसाचा आवाज, पाण्याचा आवाज, त्यात तो ओरडून म्हणाला, "बाराशेनं सुरू आहे, रात्री वाढू शकते!" मी लिहून घेतलं. बाराशे. आणि बातमी टाइप करताना पुढे माझ्या हातानं लिहिलं, क्युसेक.

का लिहिलं? सवय. पत्रकारितेचा डिप्लोमा मी पश्चिम महाराष्ट्रात केला. पहिली दोन वर्षं उमेदवारीही तिकडेच, कृष्णेच्या पुरात. तिकडे विसर्ग म्हटला की क्युसेक, साठा म्हटला की टीएमसी. सांगलीच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका ४५ फूट, हे तिकडच्या शाळकरी पोरालाही पाठ. सगळं फुटात. आमच्याकडे विदर्भात धरणवाले बोलतात क्युमेकमध्ये, साठा देतात दलघमीत आणि नदीची पातळी सांगतात समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, दोनशे पंचेचाळीस पॉइंट अमुक. समुद्र आमच्यापासून सातशे-आठशे किलोमीटर. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत कुणाच्या दारात समुद्र नाही, पण पूर मोजायचा त्याच्यापासून.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, २८ लिटर आणि वर थोडं. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, पूर्ण हजार लिटर. पस्तीस पटींचा फरक. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. बाराशे क्युसेक म्हणजे दर सेकंदाला साडेतीन टँकरही नाही. बाराशे क्युमेक म्हणजे दर सेकंदाला एकशे वीस टँकर. मी छापलं साडेतीन. नदीतून येत होते एकशे वीस.

डेस्कवरही कुणाला खटकलं नाही. कशाला खटकेल? क्युसेक हा शब्द ओळखीचा, आकडा गोल, दोन कॉलमची बातमी, पान चार.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नदी काठावर आली. माणसाला काही झालं नाही, हे आधी सांगतो. पण आमच्याकडे काठाच्या शेतकऱ्यांच्या मोटारी नदीच्या उतारावर बसवलेल्या असतात. पाणी वाढणार असं कळलं की दोन-चार जण मिळून मोटार उचलून वर आणतात. पाच हॉर्सपॉवरची मोटार (हे पुन्हा घोड्यांचं माप, त्यावर कधीतरी वेगळं) पाइपासकट काढायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम आणि चिखलात. पाणी थोडंच येणार असेल तर कोण काढतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी एक काकाजी दारात आले. हातात आमचा पेपर, चार घड्या घातलेला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, मग पेपर उघडून बोट ठेवलं.

"पत्रकार भाऊ, थे बाराशे म्हंजे किती होय?"

मी सांगायला लागलो, क्युसेक, क्युमेक, घनफूट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरानं वाचून दाखवलं मले. म्हने बाबा, थोडंसंच पानी हाय, राहू दे मोटर. मागच्या साली तुमीच लिवलं होतं हजारो, तवा काढली होती."

त्यांची आणि शेजारच्या दोघांची, तीन मोटारी गाळात गेल्या. गाळ उतरायला पाच दिवस लागले. मोटार भरून आणायचा खर्च, त्यात धानाला ऐन ओंबीच्या वेळी पाणी द्यायचं राहिलं. मी पैसे देऊ केले. घेतले नाहीत. "तुमी काय मुद्दाम केलं का बापा," म्हणाले. हे वाक्य मला अजून पचलेलं नाही.

शुद्धिपत्र छापून आलं. तीन ओळी, पान सहा, खालच्या कोपऱ्यात. 'क्युसेकऐवजी क्युमेक असे वाचावे.' ज्याला दोन्ही शब्द कळत नाहीत त्यानं एकाऐवजी दुसरा वाचून काय करायचं? सुरुवातीला मला बातमीचे पैसे कॉलम सेंटीमीटरवर मिळायचे. त्या मापानं माझी चूक बारा सेंटीमीटरची होती आणि माफी दीड सेंटीमीटरची.

तेव्हापासून या मापांचं वेडच लागलं म्हणा. कॅनडातला १९८३ चा प्रसंग मी भेटेल त्याला सांगतो. देश नुकताच मेट्रिककडे वळत होता, नवं कोरं बोइंग ७६७. इंधन भरताना हिशेब किलोऐवजी पौंडांच्या आकड्यानं झाला आणि विमान निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडालं. ४१ हजार फुटांवर दोन्ही इंजिनं बंद. पायलटला ग्लायडर उडवायचा सराव होता, म्हणून त्यानं ते गिमली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवलं. सगळे वाचले. शिकलेली माणसं, मोठी कंपनी, कागदावर सह्या, आणि आकड्यामागचं एकक चुकलं. हे वाचलं तेव्हा मला थोडा धीर आला, खोटं कशाला बोलू. आणि मग लगेच वाटलं, त्या पायलटनं निदान विमान उतरवलं. मी काय केलं, तीन ओळी छापल्या.

माझी तक्रार फुटांविरुद्ध नाही आणि मीटरविरुद्धही नाही. मिस्त्रीचं सूत राहू द्या, आईचे वार राहू द्या, मापं जितकी आहेत तितकी भाषा श्रीमंत आहे. आमच्याकडे धान मोजायला खंडी आहे, कुडो आहे, पायली आहे आणि ज्याला जे लागतं ते तो बरोबर वापरतो. तो कधी नुसतं "वीस" म्हणून गप्प बसत नाही. नुसतं "२२५०" फक्त साहेब लोक म्हणतात. आणि त्याच्यापुढे आपल्या मनचा शब्द फक्त आम्ही पत्रकार लावतो.

काकाजी आता सत्तरीच्या पुढे आहेत. दर पावसाळ्यात त्यांचा फोन येतो, माझी बातमी छापून यायच्या आधी. त्यांना क्युमेकही नको, टँकरही नको. घाटावर महादेवाचं देऊळ आहे, त्याच्या खाली नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर त्यांचा सगळा हिशेब. इतक्या पायऱ्या उघड्या म्हणजे मोटार राहू द्या, इतक्या म्हणजे काढा, नंदीच्या पायाला पाणी म्हणजे ढोरं सोडा. मी त्यांच्यासोबत दोन पावसाळे वही घेऊन बसलो. धरणाचा आकडा किती, इथे पाणी किती तासांनी, पायरी कितवी, सगळं लिहून काढलं. अगदी काटेकोर नाही, मध्ये नाले मिळतात, पाऊस लागतो. पण चालतं. ही वही मी दोन वेळा एका कार्यालयात दाखवली. पहिल्यांदा म्हणाले, चांगला उपक्रम आहे. दुसऱ्यांदा साहेब बदलले होते.

आज सकाळी अंगठा आल्यावर मी सरळ धरणावर फोन लावला. तीन वेळा कट झाला, चौथ्यांदा लागला. "भाऊ, क्युमेक! कितीदा सांगायचं?" म्हटलं, रोज सांगा, रागावू नका. वही काढली. मग काकाजींना फोन.

"बावीसशे पन्नास सोडताहेत, काकाजी. मोठं आहे."

"थे जाऊ दे. पायरी सांग."

"रात्रीपर्यंत वरच्या दोनच उघड्या राहतील असं वाटतं."

पलीकडून उत्तर नाही. फोन चालूच ठेवून ते अंगणातून पोराला हाका मारत होते, दोर घे म्हणून.