जुलैचा दर्या आणि डिसेंबरचा दर्या

कळवा (प.)

चि. सोन्यास,

तुझा बेत आत्याला कळला. पर्थला जुलैत सुट्टी, थोडे दिवस कळव्यात, मग सर्फबोर्ड घेऊन गोव्याला. कळव्याचं घर तुझंच आहे, पण गोव्याच्या पाण्यात जुलैमध्ये उतरायचं नाही. यामागची गोष्ट मोठी आहे, म्हणून ती फोनवर न सांगता आत्या लिहून पाठवते आहे.

अरबी समुद्रावरचा वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. जून ते सप्टेंबर तो नैऋत्येकडून येतो. त्याचं मूळ तुझ्याच हिंदी महासागरात, मॉरिशसकडच्या जास्त दाबाच्या पट्ट्यात आहे. तिथून तो विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या डोंगरांना अडून सोमालियापाशी वळतो आणि थेट आपल्या किनाऱ्यावर येऊन धडकतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात या झोताचा माग काढला. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावर तो आठवडेच्या आठवडे वाहतो, आणि गोव्याजवळ तीन-चार मीटरच्या लाटा उठतात. त्या मागून-पुढून, वेड्यावाकड्या फुटतात. किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, पुळण अरुंद आणि उतरती होते, आणि परतणारं पाणी जिथे वाट काढतं तिथे माणसाला आत ओढणारा प्रवाह तयार होतो. चांगले पोहणारेही त्यात दमून बुडाले आहेत. म्हणूनच जीवरक्षक तिथे लाल निशाण लावतात. ते दिसलं की मागे फिरायचं, वाद घालायचा नाही.

वाऱ्याचं हे चक्र आपल्या लोकांना नवं नाही. कल्याण बंदराचं नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात येतं. तिथले व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांना दान देत, हे शिलालेखांत कोरलेलं आहे. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघत आणि याच नैऋत्य वाऱ्यावर भारत गाठत. परतीसाठी त्यांना डिसेंबर-जानेवारीच्या ईशान्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. लोकलने कळव्याहून कल्याणला जाताना खाडीकडे बघ, त्या काळी हीच जहाजांची वाट होती.

कोळीवाड्यांचं वर्षही याच वाऱ्यांवर बेतलेलं आहे. मे महिन्यात आगोटीची तयारी चालते, जवळा, बोंबील, सुकट वाळवून डबे भरले जातात आणि होड्या शाकारतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मासळीची वीणही होते. नारळी पौर्णिमेला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक निघते, खाडीला नारळ अर्पण होतो आणि मगच होड्यांना पाणी लागतं. आत्याच्या मते सर्फिंगच्या कुठल्याही वेळापत्रकापेक्षा ही पौर्णिमा जास्त भरवशाची आहे.

भरतीतला एक फरक मात्र लक्षात ठेव. आपल्या खाडीत उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. पावसाळ्याआधी मुंबई महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीच्या दिवसांची यादीच जाहीर करते, कारण तेव्हा मुसळधार पाऊस आला तर पाणी उतरायला वाट नसते. गोव्यात हा आकडा जेमतेम सव्वादोन मीटर आहे. उत्तरेकडे किनाऱ्यालगतचा समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो, तसा भरतीचा फुगवटा वाढतो. खंबातच्या आखातात तर तो दहा मीटरपलीकडे जातो.

आता डिसेंबर. ऑक्टोबरपासून वाळू परत येते, पुळण रुंद होते, शॅक पुन्हा उभे राहतात. सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो आणि पाणी गुळगुळीत होतं. लाट छोटी पण नीट रांगेत येते, शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं काही नाही. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुटतो. मोरजी-आश्वेकडे पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यातून धावणारी मंडळी त्याचीच वाट बघत असतात. तुमच्याकडचा ‘फ्रीमँटल डॉक्टर’ हा वाराही याच जातीचा. एप्रिलमध्ये आपल्याकडे हा खारा वारा उशिरा आला की ठाणे-डोंबिवलीत पारा चाळिशीला जातो.

हिवाळ्यात आणखी एक पाहुणा येतो. इराणच्या आखाताकडे ‘शमाल’ नावाचा वारा जोरात सुटला की त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून गोव्यापर्यंत पोचतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला आहे. म्हणजे डिसेंबरात समुद्र अगदीच निजलेला असेल असंही नाही. त्याहून मोठी लाट हवी असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध बघ. पाऊस ओसरलेला असतो आणि थोडा जोर उरलेला असतो, तरी पाण्यात उतरण्याआधी तिथल्या जीवरक्षकांना विचार.

गोव्याला जाणाऱ्या जनशताब्दी आणि मांडवी या गाड्या ठाण्याला थांबतात, कळव्याहून पुढचंच स्टेशन. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या, संथ वेळापत्रकावर धावते, आणखी एक कारण जुलै सोडण्याचं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरची तिकिटं हातोहात जातात, तेव्हा सुट्टी पक्की झाली की तारखा कळव. बोर्ड आणू नकोस, तिथे भाड्याने मिळतो.

तुझी,
आत्या