पहिली फ्रेम

ताऱ्यांचे फोटो काढायला निघायच्या आधी रोलची पहिली फ्रेम आम्ही दिवसाउजेडी काढून ठेवायचो. समोर जे कुणी असेल त्याची. कारण होता स्टुडिओत निगेटिव्ह कापणारा माणूस. त्याच्यापुढे छत्तीस कोऱ्या फ्रेमा आणि त्यांवर चार-चार ठिपके. कुठली फ्रेम कुठे संपते हे त्याला दिसणार कसं? मग एक तर ‘रोल ब्लँक गेलाय’ म्हणून तो छापायचाच नाही, नाही तर बरोबर मृगाच्या पट्ट्यातून कात्री घालायचा. पहिली फ्रेम उजेडातली असली की तिच्या कडेवरून पुढचं माप धरता यायचं. तरीही पाकिटावर ठळक अक्षरांत लिहायचो : ‘निगेटिव्ह कापू नये. कोरे दिसले तरी सर्व छापावे.’ त्यामुळे आमच्या पिढीतल्या हौशी आकाश-फोटोग्राफरांच्या प्रत्येक रोलची सुरुवात माणसानं झाली आहे. कुणाची आई धान्य निवडतेय, कुणाचे आजोबा पेपर वाचताहेत, आणि मग एकदम रात्र.

माझी भाची आज त्याच छंदात आहे. तिच्या कार्डावर माणूस नसतो, डार्क असतात. म्हणजे कॅमेऱ्यावर झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या आणि तेवढ्याच तापमानाच्या वीस-तीस फ्रेमा. सेन्सर स्वतःच जे ठिपके आणि डाग तयार करतो ते यात पकडले जातात आणि नंतर खऱ्या फोटोतून वजा होतात. पहाटे उजाडू लागलं की ती दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बांधते आणि फिकट आभाळाच्या आणखी फ्रेमा घेते. सेन्सरवरची धूळ आणि कडांचा अंधार त्यातून निघतो. हाताच्या तळव्यानं टी-शर्टाच्या सुरकुत्या काढताना मी तिला पाहिलं आणि वाटलं, विधी गेले म्हणून आपण उगाच हळहळतो. विधी जात नाहीत, दुसऱ्याचे होतात. असं वाटूनही हळहळ मात्र कमी झाली नाही.

आमच्याकडे झेनिट होता. रशियन, जड, हातोड्यासारखा. बल्बवर शटर उघडं ठेवायचं, केबल रिलीजचा स्क्रू आवळायचा आणि हात मागे घ्यायचा. ५८ मिलिमीटरच्या लेन्सनं दहा सेकंदांच्या वर गेलात की तारे ठिपके राहत नाहीत, रेघा होतात, कारण पृथ्वी फिरतेय. आकाशाबरोबर फिरणारा मोटरचा माउंट परदेशातून आणावा लागायचा, आणि परदेशात आमचं कुणी नव्हतं. म्हणून दोन फळ्या आणि एक बिजागरी. ही युक्ती जॉर्ज हेग या स्कॉटिश हौशी माणसानं १९७५ साली मांडली होती. खालची फळी तिपाईवर, वरच्या फळीवर कॅमेरा, बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे. बिजागरीपासून दोनशे साडेअठ्ठावीस मिलिमीटरवर सहा मिलिमीटरचा बोल्ट, एका फेऱ्याला एक मिलिमीटर सरकणारा. मिनिटाला त्याचा एक फेरा दिला की वरची फळी बरोबर आकाशाच्या वेगानं उघडते. बोहरी आळीतून बोल्ट आणला, फळी सुताराकडची उरलेली. सगळा हिशोब त्या एका अंतरात होता, आणि ते दोन मिलिमीटरनं चुकलं तर लांबच्या लेन्सला लगेच कळायचं.

पण फेरा देणार कोण? आम्ही. एकानं घड्याळावर बॅटरी धरायची, बॅटरीच्या काचेला गणपतीच्या आराशीतून उरलेला लाल जिलेटीन कागद, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. दर पंधरा सेकंदांनी तो हळू आवाजात म्हणायचा, ‘पाव.’ दुसऱ्यानं बोल्ट पाव फेरा फिरवायचा, श्वास रोखून. ‘पाव... पाव... पाव...’ चार मिनिटांत सोळा वेळा. त्या चार मिनिटांत दुसरं काही करता यायचं नाही. बोलता यायचं नाही, चहा ओतता यायचा नाही. फिल्मवर जो प्रकाश पडत होता तो पडेपर्यंत आम्ही त्याच्यासोबत उभे होतो. माझी सगळी आठवण या एका गोष्टीभोवती आहे, आणि ती मला सोडवत नाही.

आज भाचीच्या माउंटला दोन-तीन ओळखीचे तारे दाखवावे लागत नाहीत, इतका तो शहाणा आहे. कॅमेरा एक फ्रेम घेतो, त्यातल्या ताऱ्यांची नक्षी ताडून पाहतो आणि आपण आकाशात कुठे बघतोय ते स्वतःच ठरवतो. छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तो तसूभर हलला तरी मोटरला सांगतो. भाची तीस-तीस सेकंदांच्या शंभर फ्रेमा लावते आणि घरात येऊन जेवायला बसते. शंभर फ्रेमा एकमेकींवर रचल्या की फोटोतली खरखर दहाव्या हिश्शावर येते, वर्गमुळाचा साधा नियम. रचणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. आमची फिल्म मात्र थकायची. पाच मिनिटांत जेवढं यायचं त्याच्या दुप्पट दहा मिनिटांत यायचं नाही, मंद प्रकाशात तिची भूकच मरायची. आणि एखादं विमान मधून गेलं की चार मिनिटं वाया. तिच्याकडे विमान गेलं तर शंभरातली एक फ्रेम ती टाकून देते.

तेव्हाची वही काढून पाहिली. १९९५ ते १९९८ मधले अकरा रोल. प्रत्येकापुढे मी नीट लिहून ठेवलंय : छत्तीसपैकी बरे तीन, छत्तीसपैकी बरे दोन, छत्तीसपैकी एकही नाही, दव. आमच्या स्मरणात ते तीनच राहिलेत. बाकीचे तेहतीस आम्ही सोयीनं विसरलो आणि त्या तिघांच्या जोरावर जुन्या काळाबद्दल बोलतो.

जोडकामाची गोष्ट मात्र वेगळी. दुर्बीण आम्ही घरीच केली होती, सहा इंची आरशाची. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, ड्रमभोवती फिरत फिरत महिनोन्महिने घासणं. आधी ८० नंबरची भरड, शेवटी ६०० ची, मग राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडनं पॉलिश. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून होती, पुढे आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात आरसे घासायच्या कार्यशाळा झाल्या, त्यामुळे विचारायला माणसं होती. आरसा जमला. अडलं ते कॅमेरा दुर्बिणीला लावताना. झेनिटच्या लेन्सचे आटे ४२ मिलिमीटरचे. एका ओळखीच्या माणसाकडून दुर्बिणीची जोडरिंग मिळाली, तीही ४२ चीच. एक फेरा सुरळीत गेली आणि अडकली. जोर लावला तशी आणखी अडकली.

ती घेऊन आम्ही लेथवाल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी हात पुसले, खिशातून पानं असलेलं आट्याचं गेज काढलं, एक पान कॅमेऱ्याच्या आट्यांत बसवलं, दुसरं रिंगच्या, आणि दोन्ही उजेडाकडे धरून आम्हाला दाखवलं. फटीतून उजेड येत नव्हता. ‘ह्याचा आटा एकचा आहे, तुमच्या रिंगचा पाऊणचा. माप सारखं आहे, चाल वेगळी आहे. पोरांनो, ताकदीनं नाही बसायचं हे.’ मग ॲल्युमिनिअमच्या तुकड्यावर त्यांनी एका टोकाला एकचे आटे पाडले, दुसऱ्या टोकाला सव्वा इंची नळी काढली. चूर वेटोळी होऊन पायाशी पडत होती. कशाला हवंय, असं विचारलं त्यांनी. आम्ही चंद्र म्हणालो. पुढच्या अष्टमीला ते बायको-मुलांना घेऊन आमच्या गच्चीत आले आणि बराच वेळ डोळा काढेनात.

कॅमेरा लागला, पण फोकस येईना. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा फोकसरच्या नळीच्या थोडी बाहेर पडते, डोळ्याच्या भिंगाला तेवढं पुरतं. कॅमेऱ्यात मात्र फिल्म साडेचार सेंटिमीटर आत बसलेली असते. प्रतिमा तिथवर पोचतच नाही. उपाय एकच, आरसा नळीत पुढे सरकवायचा. आम्ही हॅकसॉनं नळीच कापली, आणि वाकडी कापली.

गेल्या वर्षी भाचीचा फोन आला. तिनं १३० मिलिमीटरची आरशाची दुर्बीण आणि एक जुना डीएसएलआर घेतला होता. ‘मामा, फोकस नळीच्या आतच राहतोय, कॅमेऱ्यापर्यंत येतच नाही.’ तीस वर्षांनी तेच साडेचार सेंटिमीटर! मी म्हटलं, करवत हातात घेऊ नकोस. आरशाच्या मागचे तीन बोल्ट लांब घे, स्प्रिंगा बदल आणि आरसा पस्तीस मिलिमीटर पुढे आण. प्रकाशाचा शंकू आता मधल्या छोट्या आरशावर जरा रुंद पडेल, कडेचा थोडा प्रकाश जाईल, तेवढं सोसायचं. तिनं ते एका दुपारी केलं. मग माउंट अडला. हे माउंट चाळीस-पन्नास अक्षांशांच्या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून बनतात. आपल्याकडे ध्रुव साडेअठरा अंशांवर, म्हणून अक्ष जवळजवळ आडवा करावा लागतो, आणि मग वजनाची दांडी तिपाईच्या उत्तरेकडच्या पायावर आदळते. तिनं तिपाई फिरवून उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा आणली आणि दक्षिणेच्या पायाला पाण्याचा कॅन बांधला. मला न विचारता. त्या कॅनचा फोटो तिनं पाठवला तो मी अजून जपून ठेवलाय. आमचीच जातकुळी आहे ही.

तिची जोडरिंग मात्र कुरिअरनं आली. आटे बिनचूक, वर काळा मुलामा, आत प्रकाश चमकू नये म्हणून खाचा पाडलेल्या. आमची रिंग किंचित तिरकी होती, त्यामुळे आमच्या सगळ्या फोटोंत उजव्या कोपऱ्यातले तारे धूमकेतूसारखे ओढले गेलेत. तिची रिंग शंभरपट चांगली. तिच्या गच्चीवर मात्र मिस्त्रीकाका आले नाहीत, येण्याचं कारणच उरलं नाही.

नवशिक्यानं काय घ्यावं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. नळीवर कमी खर्च करा, माउंटवर जास्त. खोक्यावर पाचशे पट, सहाशे पट असं छापलेली साठ मिलिमीटरची दुर्बीण घेऊ नका. डुगडुगत्या पायांवर पाचशे पट म्हणजे पाचशे पट थरथर. आहे त्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावा आणि एक साधा ट्रॅकर घ्या, वर्षभर तेवढं पुरतं. लाल तेजोमेघांचं वेड लागलंच, तर जुन्या डीएसएलआरच्या सेन्सरसमोरची काच बदलून घेता येते. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश मूळची काच बराचसा अडवते.

एक वस्तू मात्र मी भाचीला माझ्याकडची दिली. रोलची काळी प्लास्टिकची डबी. ती सव्वा इंची फोकसरमध्ये जवळजवळ नेमकी बसते, जणू त्यासाठीच केलेली. बूड कापायचं, झाकणाच्या बरोबर मध्यात भोक पाडायचं, आणि त्यातून पाहत आरसे एका रेषेत आणायचे. वेबकॅमचा जमाना आला तेव्हा लोकांनी याच डबीत वेबकॅम बसवून गुरूचे पट्टे टिपले. फिल्म गेली, डबी अजून दुर्बिणीत आहे.

आकाशाचं दुःख वेगळं, त्यात तुलना करायची गरज नाही. तेव्हा संध्याकाळची एसटी धरून पानशेतच्या अलीकडे उतरलं की आकाशगंगा दिसायची. आता तिथून पुण्याचा उजेड अर्ध्या आभाळावर चढलेला दिसतो. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आनंद झाला, आणि अंधारालाही आता अभयारण्य लागतं हे मनाला लागलं.

परवा भाची माझ्या निगेटिव्ह घेऊन बसली. उजेडाच्या पाटीवर ठेवून ती आपल्या कॅमेऱ्यानं एकेक टिपत होती. मार्च १९९६ चा रोल होता, ह्याकुताके धूमकेतूचा. २३ तारीख, शनिवार. धूमकेतू पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता, स्वातीच्या आसपास, डोक्यावर. आम्ही चौघं मित्र एसटीनं गेलो होतो. धाकट्या बहिणीलाही यायचं होतं. आरसा घासायला ती आमच्याइतकीच ड्रमभोवती फिरली होती, पण रात्रभर बाहेर, मुलांबरोबर? घरात कुणी तो विषय वाढवलाही नाही, आणि मीही वाढवला नाही. तेव्हाच्या त्या अंधाराबद्दल मी इतकं हळवं बोलतो, त्या अंधारात तिला जागा नव्हती. आज तिची मुलगी दुर्बीण पाठीला मारून मैत्रिणींबरोबर रात्र-रात्र जाते.

भाचीनं पहिली फ्रेम उलटी करून पडद्यावर आणली. गच्चीचा कठडा, संध्याकाळचं ऊन, आणि बहीण. हातात आमच्यासाठी भरलेला डबा.

‘आई, ही तू?’

बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, ‘थालीपिठं होती त्यात. दादा, तुम्ही गेल्यावर दोन वाजता उठून मी एकटी गच्चीत गेले होते. दिसला होता मला. शेपूट पार लांबवर गेली होती.’

तीस वर्षांत ती हे मला पहिल्यांदाच सांगत होती.